मैत्रिणींनी पुरं केलेलं पुस्तक

(धाकटी डहाणू इथे मीरा कोसंबी यांच्या स्मृतीनिमित्त महिलांची बैठक झाली. त्या बैठकीत शेवटी केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

या बैठकीचं आमंत्रण देत आम्ही गावात फिरलो, तेव्हा बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला. ही बाई आपल्या कुठल्या? मच्छीमारांच्या मोर्च्यात होती का? वारल्यांबरोबर तुरुंगात गेली होती का? नसेल, तर तिची आठवण आपण इथे बंदरावर बसून कशाला काढायची? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पुण्यातिथ्या आणि जयंत्या काही कमी नाहीत, आणि बोंबील सुकवायच्या दिवसांत दुपारभर काम टाकून येणं सोपं नाही. म्हणून या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

मी इतिहासाची अभ्यासक नाही. शाळेत मराठी शिकवलं आणि उरलेला वेळ संघटनेत घालवला. मीराताईंना मी ओळखते ती त्यांच्या पुस्तकांतून. पण एखाद्या बाईच्या पुस्तकांशी तीस वर्षं सोबत राहिलं की मैत्री होतेच. आज माझ्याआधी ज्या तिघी बोलल्या त्यांचीही मैत्री अशीच झालेली आहे. एकीने सांगितलं की, पंडिता रमाबाई हे नाव तिला पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींपुरतंच माहीत होतं. मीराताईंमुळे त्या दोन ओळींमागची अख्खी बाई भेटली. अंगणवाडीतल्या आपल्या मैत्रिणीने आनंदीबाई जोशींची पत्रं वाचली आणि दोन रात्री तिला झोप लागली नाही. कॉलेजात शिकणारी आपली सर्वात धाकटी मैत्रीण म्हणाली, ‘या बाईंनी मला जुनी कागदपत्रं रद्दीत घालायची भीती घातली.’ तिघींच्या बोलण्याला मी फक्त थोडा धागा जोडणार आहे.

आधी त्या कोण होत्या ते सांगते. मीरा कोसंबी यांचा जन्म १९३९ चा. आजोबा धर्मानंद कोसंबी मूळ गोव्यातल्या साखवाळचे, बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे मोठे पंडित. वडील दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणितज्ञ, आणि भारताचा इतिहास कसा लिहायचा याची दिशाच ज्यांनी बदलली असे इतिहासकार. अशा घरातल्या मुलीवर ओझंही तेवढंच असतं. मीराताईंनी स्वीडनमध्ये स्टॉकहोम विद्यापीठातून समाजशास्त्राची डॉक्टरेट केली. विषय होता मुंबई शहर, १८८० ते १९८० या शंभर वर्षांत ते कसं वाढलं. ते पुस्तक १९८६ मध्ये आलं. पुढे त्या मुंबईच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यास संशोधन केंद्राच्या प्राध्यापक आणि संचालक झाल्या. हे केंद्र नीराबेन देसाईंनी १९७४ मध्ये सुरू केलं होतं. देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा ‘समानतेकडे’ हा अहवाल सरकारला सादर झाला तेही वर्ष १९७४ च. म्हणजे आपली चळवळ आणि हे केंद्र बरोबरीने वाढलेल्या बहिणी आहेत.

कागदावर त्या समाजशास्त्राच्या प्राध्यापक. पण आयुष्याची शेवटची पंचवीसएक वर्षं त्यांनी इतिहासालाच दिली. आणि निवृत्तीनंतर तर त्यांच्या कामाला खरा भर आला. आपल्याकडे बाई निवृत्त झाली की आता नातवंडं सांभाळायची, देवदर्शन करायचं, असं सगळे धरून चालतात. मीराताईंनी त्या काळात एकामागून एक जाडजूड ग्रंथ लिहिले. २६ फेब्रुवारी २०१५ ला त्या गेल्या तेव्हाही टेबलावर काम अर्धवट होतं.

त्या अर्धवट कामाबद्दलच मला आज मुख्यतः बोलायचं आहे. ते आनंदीबाई जोशींवरचं पुस्तक होतं.

आनंदीबाईंची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे असं आपल्याला वाटतं. जन्म १८६५. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. मग डॉक्टर व्हायचा ध्यास. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून एकटी बोटीने निघाली, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकली, ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली. क्षय घेऊन परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. दोघींच्या मृत्यूची तारीख एकच निघाली, हा निव्वळ योगायोग. पण म्हणूनच आपण बैठकीला हा दिवस निवडला.

या गोष्टीत गोपाळरावांची जागा ठरलेली असते. विक्षिप्त, तापट, पण बायकोला शिकवणारा नवरा. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची. तिच्यावर नाटक झालं, आणि २०१९ मध्ये सिनेमा आला. डहाणूला आपल्यातल्या कितीतरी जणींनी तो पाहिला, रडल्या. त्यात खोटं काही आहे असं मी म्हणत नाही. गोपाळरावांनी तिला शिकवलं हे खरंच आहे. पण तिला शिकवताना ते तिला मारत होते, हेही तितकंच खरं आहे. आणि हे सांगणारी कुणी वैरीण नाही, स्वतः आनंदीबाई आहेत. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी लहानपणापासून खाल्लेल्या माराचा पाढा वाचला आहे. लाकडाने मारणं, वस्तू अंगावर फेकणं, सोडून जाण्याच्या धमक्या. आणि त्याच पत्रात त्या विचारात पडतात की, तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट, हे ठरवायचं तरी कसं?

मैत्रिणींनो, आपल्या केंद्रात येणारी प्रत्येक तिसरी बाई हेच बोलते. ‘मारतो, पण त्याच्यामुळेच चार पैसे हातात आले.’ ‘मारतो, पण मुलीला शाळेत त्यानेच घातली.’ ही वाक्यं आपण रोज ऐकतो आणि तक्रार कशी लिहायची या विचारात पडतो, कारण फॉर्मवर या ‘पण’ला जागा नसते. आनंदीबाईंच्या चरित्रातही या ‘पण’ला शंभर वर्षं जागा नव्हती. पत्रं होती. लोकांनी ती पाहिलीही होती. पण नवऱ्याच्या आधाराने शिकलेली आदर्श स्त्री हे चित्र सगळ्यांना इतकं हवं होतं की, पत्रातला मार हा विक्षिप्तपणाच्या खात्यावर जमा झाला. मीराताईंनी तो काढून त्याच्या खऱ्या खात्यावर टाकला. त्याला हिंसा म्हटलं.

पण त्यांनी तिथे थांबून आनंदीबाईंची दुसरी मूर्ती उभारली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मार खाणारी म्हणजे बिचारी, किंवा डॉक्टर झाली म्हणजे वीरांगना, असा सोपा हिशेब त्यांनी केला नाही. जाण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी सांगितलं की, मी हिंदू म्हणून जाते आहे, हिंदू म्हणूनच परत येईन. अमेरिकेत लोकांसमोर बोलताना त्यांनी बालविवाहाची बाजूही घेतली. स्वतः जे भोगलं त्याचीच बाजू! परक्या देशात आपल्या लोकांची नाचक्की होऊ नये, हा दबाव त्या मुलीवर किती असेल. आपल्यालाही ठाऊक आहे ना तो दबाव? वस्तीतलं भांडण पोलिसात नेलं की, ‘आपल्या समाजाची बदनामी केलीस’ असं कोण कोण म्हणतं! मीराताईंनी आनंदीबाईंच्या विचारांना जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो तुकड्यातुकड्यांचा स्त्रीवाद. इथे उजेड, तिथे अंधार. हे नाव वाचलं आणि मला एकदम हलकं वाटलं. कारण आपलं सगळ्यांचं असंच आहे. कुणाचाच स्त्रीवाद एकसंध नसतो.

आता मैत्रिणींच्या भागाकडे येते. हे पुस्तक मीराताईंच्या हयातीत निघालं नाही. हस्तलिखित मागे राहिलं. विद्वान माणूस गेल्यावर कागदांचं काय होतं ते आपण पाहतो. कपाट रिकामं होतं, गठ्ठे बांधले जातात, पावसाळ्यात कुणाच्या तरी माळ्यावर त्यांना वाळवी लागते. इथे तसं झालं नाही. राम रामस्वामी, माधवी कोल्हटकर आणि आबान मुखर्जी या तिघांनी ते काम हाती घेतलं. रामस्वामी हे शास्त्रज्ञ, दामोदर कोसंबींच्या गणितावर त्यांनी काम केलं आहे. माधवीताई संस्कृतच्या अभ्यासक. आबानबाई अनुवादक. तिघांपैकी स्त्रियांच्या इतिहासाचा पेशा एकाचाही नाही. पण त्यांनी पानं जुळवली, पुस्तक उभं केलं, आणि २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून नाव मीरा कोसंबींचंच. सिनेमा आणि हे पुस्तक एकाच वर्षी यावं हेही गमतीचं. सिनेमा लाखोंनी पाहिला, पुस्तक काही शेकड्यांनी वाचलं असेल. पण पुढच्या कुणाला खरं काय ते शोधायचं असेल, तर पत्रं त्या पुस्तकात आहेत.

मला विचाराल तर मित्रमैत्रिणींची श्रद्धांजली म्हणजे हे. हार घालून, दोन मिनिटं उभं राहून जे होतं त्याला मी नावं ठेवत नाही. पण गेलेल्या मैत्रिणीचं काम कुठे थांबलं होतं ते पाहायचं आणि तिथून ते पुढे न्यायचं, आपलं नाव मागे ठेवून, हे फार कमी जणांना जमतं. त्याआधी २०१६ मध्ये रमाबाईंवरचा त्यांचा मोठा ग्रंथही त्यांच्या मागेच आला.

रमाबाईंबद्दल थोडं बोलायलाच हवं. मीराताईंनी सर्वात जास्त वर्षं दिली ती पंडिता रमाबाईंना. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढणारी, त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीती’ लिहिणारी, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडणारी, पुढे केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुलीबायांना आसरा देणारी ही बाई. १८८३ मध्ये इंग्लंडात तिने ख्रिस्ती धर्म घेतला आणि मराठी समाजाने तिचं नाव हळूहळू पुसून टाकलं. सुधारकांच्या यादीत पुरुषांची नावं राहिली. मीराताईंनी रमाबाईंचे शब्द जिथे जिथे होते तिथून गोळा केले, भाषांतर केलं आणि २००० मध्ये रमाबाईंच्याच शब्दांत त्यांची ओळख करून देणारं पुस्तक काढलं. रमाबाईंचं अमेरिकेवरचं मराठी प्रवासवर्णन १८८९ चं. ते त्यांनी २००३ मध्ये इंग्रजीत आणलं. गोऱ्या लोकांनी आपल्याकडे बघून पुस्तकं लिहायची ही रीत असताना, एका मराठी विधवेने गोऱ्यांच्या देशाकडे डोळे उघडून पाहिलं. तिथल्या बायकांच्या संघटनांचं कौतुक केलं, आणि काळ्या लोकांवरचा अन्यायही टिपला. हे मीराताईंनी जगाला दाखवलं.

मग काशीबाई कानिटकर. नवऱ्याला अशिक्षित बायको नको म्हणून चोरूनमारून वाचायला शिकलेली मुलगी, जिने पुढे कादंबऱ्या लिहिल्या आणि आनंदीबाईंचं पहिलं मराठी चरित्रही लिहिलं. ‘पालखीचा गोंडा’ या १९२८ च्या कादंबरीत काशीबाईंनी बायकांच्या हाती कारभार असलेलं राज्य कल्पिलं. शाळेत मराठी शिकवताना हे मला कुठल्याच क्रमिक पुस्तकात भेटलं नव्हतं.

आणि एक पुस्तक, जे आपल्या कामाला सगळ्यात जवळचं आहे. १९९४ मध्ये त्यांच्या संपादनाखाली केंद्राने एक अभ्यास काढला. स्त्रियांवरच्या अत्याचाराच्या बातम्या वर्तमानपत्रं कशी देतात, सरकार काय करतं आणि संघटना काय करतात, याचा. म्हणजे इतिहास हा त्यांच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचाच नव्हता. काल सकाळचा पेपरही त्यांच्या लेखी कागदपत्रच होता. आपल्या संघटनेत कात्रणांच्या फाइली ठेवायची सवय ज्यांनी लावली त्यांनी असली पुस्तकं वाचलेली होती.

आता माझं थोडं भांडण. मैत्रिणीची आठवण काढताना भांडण सांगितलं नाही तर ती आठवण खोटी होते असं मला वाटतं.

मीराताईंनी ज्यांच्यावर लिहिलं त्या रमाबाई, आनंदीबाई, काशीबाई बहुतेक ब्राह्मण घरांतल्या होत्या. त्यांचं दुःख खरं होतं, शंकाच नाही. पण त्यांच्यापाशी कागद होता. शाई होती. पत्र पाठवायला पोस्ट होतं, आणि ते जपून ठेवणारं कुणी तरी होतं. धाकट्या डहाणूतल्या मांगेल्यांच्या आजीपाशी, तलासरीतल्या वारली बाईपाशी काय होतं? १८८३ मध्ये आनंदीबाई बोटीत बसल्या तेव्हा आपल्या किनाऱ्यावरही बायका पाटी डोक्यावर घेऊन चालतच होत्या. त्यांचं पत्र कुठे आहे?

हा प्रश्न काही माझा एकटीचा नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गावोगाव जाऊन बोलतं केलं. शर्मिला रेगे यांनी २००६ मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना इतिहासाचा पुरावा म्हणून मांडलं. म्हणजे वाट पडलेली आहे. जिथे कागद नाही तिथे तोंडाने सांगितलेलं उतरवून घ्यायचं. मीराताईंच्या घरातही हा धडा होताच. दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपासचे डोंगर पायाखाली घालायचे, खेड्यातल्या देवी, म्हसोबाचे दगड, बायकांचे नवस बघायचे, आणि म्हणायचे की इतिहास पोथ्यांपुरता नाही, तो चालत्याबोलत्या लोकांच्या रीतीत आहे. राजांची यादी म्हणजे इतिहास नव्हे, लोक पोट कसं भरत होते आणि त्यासाठी एकमेकांशी कसे बांधले गेले होते, तो इतिहास, हे त्यांचं सांगणं. त्या हिशेबाने आपली पाटी, आपली वलांडी, आपलं जाळं ही सगळी इतिहासाची साधनं आहेत.

आणि आपल्या भागाचा इतिहास काही लहान नाही. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. नहपान राजाचा तो जावई. त्याने ज्या नद्यांवर लोकांसाठी फुकट होड्या ठेवल्या त्यांची नावं त्यात आहेत. दमणा, तापी अशा नावांच्या ओळीत दाहनुका हे नाव येतं. इतिहासकार म्हणतात, ही आपली डहाणूची खाडी. म्हणजे आपलं नाव लेखी येतं तेच मुळी होडीबरोबर येतं! आणि त्याच लेण्यात एका छोट्या लेखात एक बाई आहे. दक्षमित्रा. नहपानाची लेक, उषवदाताची बायको. तिने भिक्षूंसाठी एक खोली दान दिल्याची नोंद आहे. नवऱ्याचा लेख लांबलचक, तिचा एवढासा. पण आहे. मीराताई असत्या तर त्यांनी आधी तो एवढासा लेख वाचला असता, असं मला वाटतं.

वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सवाष्णी लिहितात. लिहितात असंच म्हणायचं, काढतात असं नाही. लग्न लावते ती धवलेरी, तीही बाईच. गाण्यातून ती देवाला बोलावते आणि तिच्यावाचून लग्न लागत नाही. म्हणजे लिहिणारीही बाई आणि मंत्र म्हणणारीही बाई. १९७० नंतर ही चित्रं कागदावर आली, शहरात गेली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे मोठे झाले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आपल्याला त्यांचा अभिमानच आहे. पण त्यांच्याआधी किती पिढ्या बायकांनी भिंती लिहिल्या, त्यांतल्या एकीचं तरी नाव सांगता येईल का? भिंत सारवली की चित्र जातं, आणि बाईचं नावही जातं.

गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आपल्यापैकी पुष्कळ जणींनी वाचलंय. १९४५ च्या वारली उठावाची ती गोष्ट. झरीची परिषद, वेठबिगार, आणि लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून नवराबायको दोघांना सावकाराच्या दारात बांधून ठेवणारी लग्नगड्याची पद्धत. गोदूताईंनी १९७० मध्ये ते छापलं नसतं, तर लग्नगडी हा शब्दही आज आपल्या नातींना कळला नसता. हे एका बाईने लिहून ठेवलं. मात्र त्या उठावातल्या वारली बायांनी स्वतः काय सांगितलं असतं, हे काम उरलेलंच आहे. आणि ज्यांना आठवतं, त्या आता नव्वदीच्या पुढे आहेत.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आत्ता आमच्या डोक्यावर बंदराची टांगती तलवार आहे, इतिहासाचं काय घेऊन बसलात? मी म्हणते, त्यासाठीच. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. १९९८ मध्ये त्या प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये बंदराची पायाभरणी झाली. ७६ हजार कोटींवरचा प्रकल्प. या सगळ्या वर्षांत मोजमाप होतं ते कशाचं? बोटी किती, परवाने किती, जाळी किती. आणि ती बहुतेक कुणाच्या नावावर? पुरुषांच्या. मासा किनाऱ्याला लागल्यापासून पुढचं निवडणं, खारवणं, सुकवणं, पहाटेची गाडी पकडून विकणं हे बाईचं काम. ते कुठल्या रकान्यात लिहायचं? पाटीला परवाना नसतो. उद्या कुणी विचारलं की तुमच्या बायका इथे किती वर्षं धंदा करताहेत, तर आपण काय दाखवणार?

आणि पुरावा तोंडी असला तरी चालतो, हे कायद्यानेही मानलेलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जे नियम २००८ मध्ये झाले, त्यांत गावातल्या ज्येष्ठांनी सांगितलेलं, लेखी उतरवून घेतलेलं निवेदन हा दाव्याचा एक पुरावा म्हणून धरला आहे. त्याच कायद्यात विवाहित दावेदारांचा हक्क नवराबायको दोघांच्या नावाने नोंदवायचा असंही आहे. तलासरीतल्या मैत्रिणींनी ज्यांचे दावे भरले त्यांना हे माहीत आहे. म्हातारीची आठवण ही सरकारदरबारी चालणारी गोष्ट आहे. फक्त ती म्हातारी असेपर्यंत उतरवून घेतली पाहिजे.

म्हणून आजच्या आठवणीतून मी चार कामं मागते.

एक. प्रत्येक पाड्यावरच्या, प्रत्येक आळीतल्या सर्वात वयस्कर तिघीजणींशी बोलायचं. त्यांच्याच बोलीत उतरवायचं. मांगेली, वारली, जी असेल ती. शुद्ध मराठी करायचं नाही. शाळेतल्या बाई म्हणून मीच सांगते, शुद्धलेखनाने निम्मा इतिहास मेला आहे.

दोन. सांगणारीचं नाव, गाव, तारीख आणि उतरवणारीचं नाव पहिल्या पानावर. आणि सांगणारीला विचारूनच. काही गोष्टी ती सांगेल पण लिहू नको म्हणेल, तर लिहायचं नाही. आनंदीबाईंना कुणी विचारलं नव्हतं की तुमची पत्रं छापू का. आपण तरी विचारू. लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं, आणि एक प्रत तिच्या घरी ठेवायची.

तीन. घरातले कागद टाकायचे नाहीत. बचत गटाच्या पहिल्या वह्या, सोसायटीच्या पावत्या, मोर्च्याची पत्रकं, बाजारात बसायच्या कराच्या चिठ्ठ्या, पोलिसात दिलेल्या अर्जाची प्रत. फोटो असेल तर मागे पेन्सिलीने नावं लिहा, बायकांचीही लिहा. फोटोच्या मागे ‘अमुक अमुक आणि त्यांच्या सौभाग्यवती’ एवढंच असतं. त्या सौभाग्यवतीला नाव होतं! मुंबईत १९८८ मध्ये सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ‘स्पॅरो’ हे स्त्रियांच्या आठवणींचं आणि चित्रांचं संग्रहालय सुरू केलं, ते याच विचाराने. आपलं एक कपाट असलं तरी पुरे. पण कोरडं हवं, समुद्राची हवा कागद खाते.

चार. फक्त गौरव लिहायचा नाही. कुणी मारलं, कुणी फसवलं, आपल्याच संघटनेत कुणाला बोलू दिलं नाही, तेही लिहायचं. नाहीतर शंभर वर्षांनी कुणी तरी आपलाही एक छान सिनेमा काढेल.

शेवटचं. मीराताईंनी आजोबांचं ‘निवेदन’ हे आत्मचरित्र इंग्रजीत आणलं. धर्मानंद बुद्धाच्या शोधात घर सोडून गेले, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश फिरले. ती गोष्ट मोठी आहे. पण ते वाचताना मला सारखं वाटत राहतं, मागे राहिलेल्या बाळाबाईंनी, त्यांच्या बायकोने, त्या वर्षांत काय केलं? लेकराला घेऊन कशा राहिल्या? त्यांचं निवेदन नाही. असतं तर नातीने तेही भाषांतरित केलं असतं, याची मला खात्री आहे.

तर आपल्या बाळाबाया शोधायच्या. आपल्यातली कुणी काम करता करता गेली, तर तिची वही दुसरीने हाती घ्यायची आणि नाव तिचंच ठेवायचं. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक कागद किंवा एका म्हातारीची एक गोष्ट घेऊन यावं. वह्या संघटना देईल. आंबेमोहोराच्या दिवसांत म्हाताऱ्या अंगणात बसलेल्या असतात, बोलायला वेळ असतो. पाऊस सुरू व्हायच्या आत पहिली वही भरलेली दिसली पाहिजे.

एवढं बोलून थांबते.